स्पीकिंग परीक्षेचं पुस्तक स्वतः काढायचंय? लिहायला बसण्याआधी हे ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही बरीच वर्षं इंग्रजी स्पीकिंग परीक्षांची तयारी करून घेताय, वर्गातल्या टिपणांचा मोठा गठ्ठा साठलाय आणि त्यातून एक मार्गदर्शक स्वतःच प्रकाशित करायचं मनात आहे. नावही ठरलंय, 'सर्व इंग्रजी स्पीकिंग परीक्षांसाठी संपूर्ण मार्गदर्शक'. साधारण साडेतीनशे पानं, शेवटी पाचशे प्रश्न आणि त्यांची नमुना उत्तरं. सुरुवात कुठून करू, असं तुम्ही विचारताय.

नावातले 'सर्व' आणि 'संपूर्ण' हे दोन शब्द खोडा, तिथून सुरुवात करा. मग ती पाचशे उत्तरंही बाजूला ठेवा. दुसरा सल्ला पहिल्यापेक्षा जड जाईल याची कल्पना आहे, कारण गठ्ठ्यातला निम्मा माल तोच असणार.

आधी 'सर्व'चं बघू. वरून या परीक्षा सारख्या वाटतात, प्रश्न विचारला की इंग्रजीत उत्तर द्यायचं. पण आत शिरलं की प्रत्येकीत उमेदवाराची कसोटी वेगळ्याच गोष्टीवर लागते. आयईएलटीएसमध्ये समोर माणूस असतो. मुलाखत ११ ते १४ मिनिटांची, तीन भागांत, आणि विचार करायला क्षणभर थांबलात तरी काही बिघडत नाही. पीटीईत समोर संगणक असतो, आणि तीन सेकंद गप्प राहिलात तर माइक बंद होतो, उत्तर तिथेच संपतं. केंब्रिजच्या बी२ फर्स्टमध्ये १४ मिनिटांत सहसा दोन उमेदवार एकत्र बसतात. एक परीक्षक बोलतो, दुसरा नुसता ऐकून गुण देतो, आणि जोडीदाराला बोलायला जागा देता येते का यालाही गुण असतात. आरोग्यक्षेत्रातल्या लोकांच्या ओईटीत दोन रोल-प्ले असतात. हातात कार्ड, तयारीला ३ मिनिटं, मग साधारण ५ मिनिटांचं संभाषण. तिथे रुग्णाची काळजी समजून घेता आली का हेही मोजलं जातं. आता सांगा, 'अडखळल्यावर काय करावं' हे एकच प्रकरण या चौघांना कसं पुरेल? पीटीईवाल्याला सांगावं लागेल की काहीही झालं तरी आवाज चालू ठेव. बी२वाल्याला सांगावं लागेल की प्रश्न जोडीदाराकडे वळव. दोन्ही सल्ले आपापल्या जागी बरोबर, पण एकाच पानावर आले की वाचक गोंधळतो.

म्हणून परीक्षा एकच घ्या. पुढे त्या परीक्षेतलाही एकच वाचक निवडा. 'आयईएलटीएस देणारे सगळे' हा वाचक होत नाही. 'साडेपाचवर अडकलेला, साडेसहा हवे असलेला, एकट्याने तयारी करणारा' हा होतो. (आयईएलटीएसचे गुण ० ते ९च्या पट्टीवर असतात, तिथल्या पायऱ्यांना बँड म्हणतात.) असा वाचक डोळ्यांपुढे असला की काय गाळायचं ते आपोआप ठरतं. त्याला साध्या वर्तमानकाळाचे नियम नकोत आणि आठच्या वरचे बारकावेही नकोत. त्याचं दुखणं ठरलेलं असतं: बोलत राहतो, पण तीच तीच वाक्यं घोळवून, मध्येच स्वतःला दुरुस्त करत, आणि दर वाक्याला 'फर्स्टली', 'मोरओव्हर', 'ऑन द अदर हँड' लावून. गंमत अशी की आयईएलटीएसच्या जाहीर निकषांत काही जोडशब्दांचा अतिवापर ही बँड ५ची खूण म्हणून नोंदलेली आहे. आणि बाजारातली कितीतरी पुस्तकं नेमके तेच शब्द चौकटीत छापून 'हे वापरा' म्हणून सांगतात. तुमच्या पुस्तकाला जागा आहे ती इथे. त्या वाचकाला साडेपाचवर कशाने धरून ठेवलंय हे तुम्ही वर्गात रोज बघता. पुस्तकाचा आराखडा त्या कारणांवर उभा करा. 'कुटुंब', 'प्रवास', 'तंत्रज्ञान' अशी विषयवार प्रकरणं पाडू नका. विषय प्रत्येक प्रकरणात येतीलच, सरावाचा कच्चा माल म्हणून.

आता नमुना उत्तरं. एक हिशेब करून बघा. सहज गप्पा मारताना इंग्रजीत मिनिटाला साधारण १२० ते १५० शब्द जातात. आयईएलटीएसच्या दुसऱ्या भागात १ मिनिट तयारी आणि १ ते २ मिनिटं बोलणं. म्हणजे अगदी सफाईने बोलणाऱ्याचेही पूर्ण दोन मिनिटांत २४० ते ३०० शब्द होतात. आपला साडेपाचवाला थांबत थांबत मिनिटाला शंभराच्या आसपास बोलतो, त्याचे झाले दोनशे. तुमच्या गठ्ठ्यातली उत्तरं मोजा. ती साडेतीनशे-चारशे शब्दांची असतील, कारण ती टेबलावर बसून लिहिलेली आहेत. त्यात 'अ प्लेथोरा ऑफ' सापडेल, तीन पोटवाक्यांची लांब वाक्यं सापडतील, आणि एकही 'वेल...' किंवा अर्धवट सोडून नव्याने सुरू केलेलं वाक्य सापडणार नाही. हा निबंध आहे. तो पाठ करून म्हणणारा उमेदवार दुसऱ्या वाक्यालाच परीक्षकाच्या लक्षात येतो, आणि पाठ केलेलं ओळखलं की परीक्षक अशा प्रश्नावर जातो जिथे पाठांतर चालत नाही. मग आवाज, वेग, शब्दसंपदा सगळं एकदम घसरतं. आधी चकाचक बोललेलं असल्यामुळे ती घसरण जास्तच डोळ्यांत भरते.

तरीही नमुने लागतातच, कारण 'साडेसहाचं बोलणं' कानावर पडल्याशिवाय कळत नाही. त्यासाठी खरं बोलणं ध्वनिमुद्रित करा आणि जसंच्या तसं उतरवा, थांब्यांसकट, दुरुस्त्यांसकट. अशी पंधरा-वीस उतरवलेली उत्तरं पाचशे लिहिलेल्या उत्तरांपेक्षा जास्त कामाची असतात. विद्यार्थ्यांचं बोलणं वापरणार असाल तर लेखी परवानगी घ्या आणि ओळख पटेल असा तपशील बदला. परवानगी देऊनही आवाज छापील पुस्तकासोबत जायला नको असं कोणी म्हटलं, तर तोच मजकूर दुसऱ्याच्या आवाजात पुन्हा मुद्रित करता येतो. मात्र बोलणाऱ्याला अडखळायलाही लावा, नाहीतर पुन्हा निबंधच व्हायचा.

पुस्तकाचा एक घटक कसा दिसावा, ते एकाच कागदाच्या पुढच्या आणि मागच्या पानावर दाखवतो. मी सगळ्यात जास्त वेळ यावरच घालवायला सांगेन.

पुढच्या, म्हणजे उजव्या पानावर कार्ड: 'कशाची तरी बराच वेळ वाट पाहावी लागली असा एक प्रसंग सांगा', खाली नेहमीचे तीन-चार उपमुद्दे. त्याच्याखाली टिपणांसाठी रिकामी चौकट, एका मिनिटात भरेल एवढीच. शेजारी दोन उमेदवारांची टिपणं. पहिल्याने पहिलं वाक्य पूर्ण लिहायला घेतलंय, दुसऱ्या वाक्याच्या मध्यावर मिनिट संपलंय. दुसऱ्या उमेदवाराने पाचच मुद्दे लिहिलेत: निकाल, रोज वेबसाइट, बहिणीचा आधी, नावात चूक, आता हसू येतं. कोणाला दोन मिनिटं पुरतील हे वाचकाला विचारा, उत्तर छापू नका. त्या पाच मुद्द्यांतला शेवटचा बघा. तो उमेदवाराला भूतकाळातून वर्तमानात आणतो, म्हणजे व्याकरणातली विविधता टिपणातच पेरलेली आहे. हे मात्र समासात एका ओळीत सांगून टाका.

मग सूचना: फोनवर रेकॉर्डिंग लावा, बोला, पान उलटू नका.

पान उलटल्यावर मागच्या बाजूला त्याच कार्डावरचं खरं, उतरवलेलं उत्तर, साडेसहाच्या पातळीचं, तीनच जागी खुणा केलेलं. एका खुणेवर उमेदवार शब्द न सापडल्यामुळे थांबलाय आणि वळसा घालून अर्थ पोचवलाय. दुसरीवर थांबलाय तो पुढे काय सांगायचं याचा विचार करायला. तिसरीवर काळ चुकलाय, पण समजायला काहीच अडचण आली नाही. दहा खुणा केल्यात तर वाचक त्या वाचत बसेल आणि बोलायचं राहील. पानाच्या तळाशी दुसरी फेरी: तेच कार्ड उद्या पुन्हा, टिपणांशिवाय, तोच प्रसंग घेऊन. दुसऱ्या दिवसाची ही फेरी बहुतेक पुस्तकांत नसते. खरी प्रगती तिथेच होते, कारण दुसऱ्यांदा बोलताना डोक्याला 'काय सांगू' यातून सुटका मिळते आणि 'कसं सांगू' इकडे लक्ष जातं.

पुढची अडचण सगळ्यात अवघड. वर्गात चूक ऐकायला तुम्ही असता, पुस्तकाला कान नाहीत. म्हणून वाचकाला स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकून काहीतरी मोजता आलं पाहिजे. आयईएलटीएसचे चार निकष सारख्या वजनाचे आहेत: ओघ आणि सुसंगती, शब्दसंपदा, व्याकरणाची विविधता आणि अचूकता, उच्चार. हे चार मथळे देऊन 'स्वतःला गुण द्या' म्हटलं तर वाचक एकतर स्वतःला आठ देतो नाहीतर चार. त्यापेक्षा निकष मोजता येतील अशा प्रश्नांत उतरवा. दोन सेकंदांहून मोठे थांबे किती आले? त्यातले किती वाक्याच्या मधोमध आले आणि किती दोन वाक्यांच्या मध्ये? (वरच्या बँडांच्या वर्णनातही हाच फरक केलेला आहे: थांबणं आशयासाठी की शब्द शोधण्यासाठी.) एकच विशेषण किती वेळा आलं? 'बिकॉज' सोडून दुसऱ्या कुठल्या पद्धतीने कारण सांगितलं? हे प्रश्न ओबडधोबड आहेत, त्यावरून बँड काढता येत नाही आणि तसा दावाही करू नका. पण पहिल्या आठवड्यात मधोमधचे थांबे चौदा होते आणि आता सहा आहेत, हे वाचकाला स्वतःच्या कानांनी कळतं. प्रत्येक घटकात एकच निकष ऐकायला द्या, चारही एकदम नकोत.

उच्चारांचं प्रकरण आखडतं ठेवा. कागदावर ते सगळ्यात लंगडं पडतं. परीक्षेत उच्चार तपासतात ते समजतात का यासाठी. ब्रिटिश किंवा अमेरिकी ढब आणण्याला गुण नाहीत. हे एकदा ठळक सांगून शब्दातला आघात, वाक्यातला आघात, शब्दांचे गट पाडून बोलणं, आणि तुमच्या वाचकाच्या मातृभाषेमुळे हमखास होणाऱ्या दोन-तीन चुका घ्या. मराठी भाषकांसाठी लिहीत असाल तर 'व्ही' आणि 'डब्ल्यू'चा फरक त्यात येईलच. आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीचा तक्ता मी घालत नाही. ज्याला ती येते त्याला तक्ता नको असतो आणि ज्याला येत नाही तो ते पान ओलांडून पुढे जातो.

ऑडिओ मात्र हवाच, आणि त्याचं नियोजन लिहिण्याच्या आधीच करायचं असतं. फाइली छोट्या ठेवा, एका उत्तराची एक, नावात पान क्रमांक. छापलेला क्यूआर कोड तुमच्या स्वतःच्या डोमेनवरच्या पत्त्याकडे जाऊ द्या आणि तिथून पुढे फाइल जिथे असेल तिथे वळवा. उद्या फाइली दुसरीकडे हलवल्या तरी छापलेला कोड चालत राहतो. थेट एखाद्या फुकट साठवण-सेवेची लिंक कोडात टाकलीत तर ती बदलली की विकलेली प्रत्येक प्रत मुकी होते. कोडाखाली पत्ता अक्षरांतही छापा.

हक्कांच्या बाबतीत तीन गोष्टी. परीक्षांची नावं हे नोंदणीकृत ट्रेडमार्क आहेत. पुस्तक कशाबद्दल आहे हे सांगण्यापुरतं नाव वापरता येतं, पण बोधचिन्ह मुखपृष्ठावर घालू नका आणि 'अधिकृत' असा भास होईल अशी रचना टाळा. पुस्तकाचा त्या संस्थेशी संबंध नाही, असं आतल्या पानावर स्पष्ट लिहा. दुसरं, बँडचे निकष संस्थेच्या संकेतस्थळावर सगळ्यांना वाचायला खुले आहेत म्हणजे ते छापायला मोकळे आहेत असं नाही. ते तुमच्या शब्दांत समजावून सांगा. वाचकाला तसंही तेच हवं असतं. तिसरं, 'नुकतेच विचारलेले खरे प्रश्न' हे आकर्षण टाळा. प्रश्नसंच परीक्षा घेणाऱ्यांचा असतो, बदलत राहतो, आणि असल्या यादीवर उभं केलेलं पुस्तक काही महिन्यांत शिळं होतं. प्रश्न स्वतः रचा. परीक्षेची धाटणी ओळखीची झाली की ते कठीण नाही. चित्रवर्णनाचा भाग असलेली परीक्षा निवडलीत तर छायाचित्रांचा परवाना छापील वापरासाठी आहे ना, हे आधी बघा.

शिळं होण्यावरून टोफेल या आणखी एका इंग्रजी परीक्षेचं उदाहरण. ऑगस्ट २०१९ मध्ये तिथले स्पीकिंगचे प्रश्नप्रकार ६ वरून ४ वर आले. मग २१ जानेवारी २०२६ पासून सगळं स्वरूपच बदललं: आता ऐकून तसंच म्हणणं आणि मुलाखत असे दोनच प्रकार आहेत, आणि गुणांकन १ ते ६च्या पट्टीवर आलंय. पीटीईनेही ऑगस्ट २०२५ मध्ये स्पीकिंगमध्ये दोन नवे प्रश्नप्रकार आणले. ज्यांनी वेळा, संख्या आणि गुणांची पट्टी सगळ्या प्रकरणांत विखरून टाकली होती, त्यांना पुस्तक जवळपास नव्याने लिहावं लागलं असणार. म्हणून बदलू शकणारी माहिती एकाच छोट्या प्रकरणात कोंडा, त्यावर 'तपासल्याचा महिना' छापा, आणि बाकी पुस्तकात 'दुसऱ्या भागात' एवढंच म्हणा, मिनिटं तिथे पुन्हा लिहू नका. मागणीनुसार छपाईचा फायदा हाच की ते एक प्रकरण बदलून नवी फाइल चढवता येते. जुन्या प्रतींचा ढीग पडून राहत नाही.

छपाईच्या बाबतीत, केडीपीसारख्या (अॅमेझॉनची स्वतः पुस्तक प्रकाशित करायची सोय) सेवेवर पान वाढलं की प्रत्येक प्रतीचा छपाई खर्च वाढतो आणि तो तुमच्या मानधनातून वजा होतो. ती पाचशे उत्तरं गाळण्याचं हेही एक कारण. दीडशे-पावणेदोनशे पानांचं पुस्तक वाचक संपवतो. त्यात लिहायच्या चौकटी असल्यामुळे आकार थोडा मोठा घ्या. कादंबरीच्या आकारात टिपणांना जागा मिळत नाही आणि पान उघडं राहत नाही. शिवणीकडचा समास सढळ ठेवा. आपल्या रचनेत डावं-उजवं पान महत्त्वाचं आहे, त्यामुळे प्रत्येक घटक विषम क्रमांकाच्या पानावर सुरू होतो ना, हे दर दुरुस्तीनंतर तपासावं लागेल. एक परिच्छेद पुढे सरकला की सगळी पानं सरकतात आणि 'पान उलटू नका'च्या शेजारीच उत्तर येऊन बसतं! हे पडद्यावर चटकन लक्षात येत नाही, म्हणून चाचणी प्रत मागवून हातात धरून बघा, पेनने चौकटी भरून बघा आणि प्रत्येक क्यूआर कोड स्कॅन करा.

ई-बुक हवं तर करा, पण त्यात रिकाम्या चौकटी आणि पानाच्या पुढच्या-मागच्या बाजू टिकत नाहीत. त्याची रचना वेगळी करावी लागते. आणि केडीपी सिलेक्टमध्ये, म्हणजे ई-बुक फक्त अॅमेझॉनवर ठेवायच्या योजनेत, नाव घालण्याआधी अट वाचा: ९० दिवस डिजिटल आवृत्ती दुसरीकडे कुठेही देता येत नाही, स्वतःच्या संकेतस्थळावरही नाही. म्हणजे वर्गातल्या मुलांना पूर्ण पुस्तकाची पीडीएफ वाटायचा बेत असेल तर ते जमणार नाही. छापील आवृत्तीला ही अट लागू नाही. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, प्रत्येक स्वरूपाला वेगळा लागतो. केडीपी छापील पुस्तकाला फुकट देतं तो इतर ठिकाणी वापरता येत नाही, तेव्हा आणखी कुठून छापायचं असेल तर स्वतःचा घ्या.

आता क्रम. पहिल्या प्रकरणापासून लिहायला बसू नका. आधी वर सांगितला तसा एकच घटक पूर्ण करा, ऑडिओसकट, साध्या प्रिंटवर. तो तुमच्या वर्गात नसलेल्या, तुमचा आवाज आणि समजावण्याची पद्धत माहीत नसलेल्या तीन-चार जणांना द्या. तुम्ही तिथे थांबू नका. थांबलात की ते विचारतील, तुम्ही सांगाल, आणि पुस्तकात काय कमी आहे ते कळायचं राहील. नंतर 'आवडलं का' असं विचारू नका, लोक हो म्हणतात. त्यांची रेकॉर्डिंग मागा. रेकॉर्डिंग नसेल तर त्यांनी वाचलं पण बोलले नाहीत, म्हणजे घटक फसला, आणि बहुतेक वेळा कारण असतं की सूचना लांब झाली किंवा उत्तर समोर दिसलं. रेकॉर्डिंग असेल तर दुसऱ्या दिवसाचं आहे का, ते बघा. हा घटक तीनदा-चारदा बदलेल. बदलू द्या, पुढचे सगळे याच साच्यात जायचे आहेत आणि बदल आत्ताच सोपा आहे.

साचा बसला की लिखाण भराभर होतं. वेळ खातात ती ध्वनिमुद्रणं, ती उतरवणं, परवानग्या आणि मुद्रितशोधन. मुद्रितशोधन दुसऱ्याकडूनच करून घ्या. उतरवलेल्या उत्तरांतल्या मुद्दाम ठेवलेल्या चुका तो 'सुधारून' टाकेल हे गृहीत धरा आणि त्याला आधीच सांगून ठेवा की कुठल्या रंगातला मजकूर हातही न लावता सोडायचा.

नावाचं शेवटी बघा. उपशीर्षकात परीक्षेचं नाव आणि 'साडेपाचवरून साडेसहाकडे' एवढं आलं की शोधणाऱ्याला ते सापडतं, आणि ज्याला आठ हवेत तो चुकून विकत घेऊन वाईट अभिप्राय लिहीत नाही. गठ्ठ्यात उरलेलं पुष्कळ असेल. त्यातलं बी२ फर्स्टचं जोडीने बोलण्याचं साहित्य वेगळ्या खोक्यात ठेवा, ते दुसरं पुस्तक आहे.